जास्तीची खळ

काकूंचा हात थरथरतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. निदान काकूंची तशी समजूत होती. गल्लीत त्यांना रेघवाल्या काकू म्हणत, कारण चित्रातल्या माणसाची कपाळापासून हनुवटीपर्यंतची काळी रेघ त्या एका श्वासात उतरवायच्या. मध्ये कुंचला उचलायचा नाही की मागे फिरवायचा नाही. ती रेघ पुसायला गेलं तर खालचा रंगही उठतो.

पहिली चुगली चहाच्या कपाने केली. बशीत तो आपोआप किणकिणायला लागला. काकूंनी बशीवर डोळे वटारले. डाव्या हातात घेतली तर बशी गप्प, उजव्यात आली की पुन्हा किणकिण.

भीती हातापेक्षा 'आराम' या शब्दाची होती. त्यांच्या आईचा हात असाच हलायला लागला, तेव्हा घरच्यांनी फार प्रेमाने तिचा कुंचला काढून घेतला. "तुम्ही आता आराम करा." खिडकीजवळ खुर्ची दिली, पाठीला उशी दिली. आई तिथे बसून भिंतीकडे बघत राहिली आणि आराम करता करताच गेली. कुणी वाईट वागलं नव्हतं, म्हणून भांडायचीही सोय नव्हती.

नेमकं तेव्हाच मोठं काम आलं. मुलांच्या दवाखान्याच्या भिंतीसाठी चित्र हवं होतं: नदी ओलांडणारी नाव, तिच्यात सगळा गोतावळा आणि टोकाला बसलेलं एक पोर. नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. काकू हो म्हणाल्या.

कापड घरीच तयार व्हायचं. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती चादरी एकावर एक चिकटवायच्या, मध्ये चिंचोक्यांची खळ. वरून खडूची भुकटी आणि खळ यांचा लेप द्यायचा, तो वाळला की पुन्हा लेप. मग धाकटी जाऊ गुडघे टेकून गुळगुळीत गोट्याने ते घासत बसायची. लेपात खळ किती घालायची हा अंदाज मात्र काकूंचा. खळ जास्त झाली की कापड काचेसारखं होतं, कुंचला त्यावर सरसर घसरतो आणि थरथर उमटायला वेळच मिळत नाही. पण असं कापड गुंडाळलं की तडकतं. हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. तरीही जाऊ पाणी भरायला गेली, तेव्हा त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि लेपात जास्तीची खळ ओतली.

"ताई, आज कापड करकरतंय," घासता घासता जाऊ म्हणाली.

"हवा कोरडी आहे."

"कालही कोरडीच होती की."

"अगं, गोट्याने घास. तोंडाने घासायचं नाहीये."

जाऊ हसली आणि घासत राहिली. काकूंना ते हसूसुद्धा संशयास्पद वाटलं.

आधी फिक्या लाल रंगाने आकृत्या बांधल्या. मग नदी, नाव, कपडे, अंगाचे रंग भरले. शेवटी काळी रेघ आली, तेव्हा काकूंनी दार लावून घेतलं. बाहेर पाऊल वाजलं की कुंचला खाली ठेवून पदराला हात पुसत बसायच्या. कापडाने मात्र बेइमानी केली नाही. आजी उतरली, नावाडी उतरला, शेवटी टोकाचं पोर उतरलं. सगळ्या रेघा नितळ होत्या. काकूंना आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. प्रत्येक चेहरा म्हणजे एक थाप होती, आणि थापा मारणारी माणसं झोपतात कशी याचंच त्यांना नवल वाटू लागलं.

चित्र न्यायला फ्रेमवाला आला. गडी जुन्या ओळखीचा, तोंडाचा फटकळ. त्याने चित्र पाहिलं, शीळ घातली आणि नेहमीच्या सवयीने एका टोकाकडून गुंडाळायला घेतलं.

काकूंना बोलायचं होतं. पण थांब म्हटलं की तो विचारणार, का? आणि गप्प बसलं तर सगळी नाव तडकणार. कापडाची गुंडाळी पोरापर्यंत पोचली. कट् असा बारीक आवाज आला.

"थांब! गुंडाळू नकोस! मेल्या, थांब म्हणते ना!"

फ्रेमवाला जागीच गोठला. पोराच्या दोन्ही गालांवरून केसाएवढी भेग गेली होती.

"खळ जास्त घातली मी," काकू म्हणाल्या. "मुद्दाम घातली. माझा हात हलतो. मला भीती वाटत होती, तुम्हाला कळेल म्हणून."

त्यांनी हात पुढे केला. तो हलत होता. दारात येऊन उभी राहिलेली जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही आता..."

काकूंनी डोळे मिटले. पुढचा शब्द त्यांना पाठ होता.

"...तुम्ही आता आधी भेग बुजवा. आणि लेप पुरता वाळू द्या. घाई नको. हे चित्र आडवंच जाईल, फळीवर."

"फळी आणतो," फ्रेमवाला म्हणाला आणि दाराकडे गेला.

भेगेत भरलेला लेप वाळला. या खेपेला त्यात खळ बेताची होती. गालांवर रंग भरून झाला. दार उघडंच होतं. जाऊ समोर बसली होती आणि फळी आणलेला फ्रेमवाला मान वाकवून बघत होता. काकूंनी श्वास धरला आणि रेघ ओढली. रेघ हलली. एका गालावरून ती थरथरतच हनुवटीपर्यंत गेली, आणि आता ती पुसता येणार नव्हती.

"काकू," फ्रेमवाला म्हणाला, "हे पोर घाबरल्यासारखं दिसतंय हो."

"घाबरलंयच ते," काकू म्हणाल्या. "नावेत पहिल्यांदाच बसलंय." आणि पोराच्या दुसऱ्या गालासाठी त्यांनी हात उचलला, तसाच हलता.