आतली कडी

सरलाबाईला राग आला की ती झाडू घेते. त्या दिवशी तिने कॉलेजचा अख्खा व्हरांडा दोनदा झाडला, तरी राग उतरेना.

सकाळीच रंजिता वसावे येऊन विचारून गेली होती, दाखल्याचा अर्ज कुठे द्यायचा? धडगावच्याही वरच्या पाड्यावरची पोर, वर्गात पहिली. दोन जीपा बदलून कॉलेजात पोचेपर्यंत तिचे दोन तास बुडायचे. आता हजेरी भरत नाही म्हणून परीक्षेला बसू देणार नव्हते. "मावशी, राहायला जागा असती तर कॉलेज सोडलं नसतं," एवढं बोलून ती गेली.

जागा नाही म्हणे! समोर शंभर पावलांवर दोन मजली वसतिगृह उभं होतं की!

सरलाबाई ब्राह्मणपुरीची. नवरा याच कॉलेजात शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागी ही लागली, त्याला बावीस वर्षं झाली. साऱ्या इमारतींच्या किल्ल्या तिच्या कमरेला. त्यामुळे कुठे काय आहे आणि काय नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. व्यायामशाळेत एक सायकल, तीही बिनपायडलची. वाचनालयाची कपाटं फक्त पाहुण्यांसाठी उघडायची. आणि मुलींच्या वसतिगृहात? दारावर उद्घाटनाची संगमरवरी पाटी, आत संस्थेच्या अध्यक्षांच्या उसाच्या ठिबकच्या नळ्या. नऊ वर्षांत एक पोरगी तिथे झोपली नव्हती.

पण सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा होता. पाच वर्षांपूर्वी तपासणीची समिती आली, तेव्हा नळ्या हलवून मंडपवाल्याच्या खाटा मांडल्या होत्या आणि गावातल्या पोरी पुस्तकं देऊन वर बसवल्या होत्या. त्या नाटकात जीव ओतला तो हिनेच. नवा कोरा साबण पाहून कुणाला शंका येईल म्हणून तिने तो पाण्यात घासघासून अर्धा केला, दोरीवर ओल्या ओढण्या वाळत टाकल्या. प्राचार्य हेमकांत सर "वा, सरलाबाई!" म्हणाले, तेव्हा ही येडी चक्क लाजली होती. आता ते आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे.

दुपारी सरांनी तिला बोलावलं. "सोमवारी समिती येतेय. मागच्यासारखंच झालं पाहिजे. आणि हो, साबण विसरू नका."

साबण! तिच्या मस्तकात तिडीक गेली. पण ती हात जोडून म्हणाली, "सर, औंदा गावन्या पोरी नको. डोंगरवरन्या पोरी बलावू, त्यास्न्या पेट्या, गोधड्या लईसन. खरं दिखी."

आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तसं सरांचं झालं. त्यांनी लगेच मान डोलावली.

सरलाबाईने रंजिताला गाठलं. "अर्ज फाडी टाक. रविवारे तुन्ही पेटी लई ये. आखो ज्या पोरी जीपमा हाल काढतस, त्यास्लेबी लई ये."

रविवारी नळ्या हलवून मंडपवाल्याच्या वीस खाटा मांडल्या आणि रंजितासकट वीस जणी आल्या. सोमवारी समितीच्या बाईंनी खोल्या पाहिल्या, खिडक्या उघडून पाहिल्या आणि रंजिताला विचारलं, "इथं राहून फायदा होतो का गं?"

"आज पहिला तास चुकला नाही, मॅडम," रंजिता म्हणाली. त्या अख्ख्या दिवसात समितीच्या कानावर पडलेलं तेवढंच खरं असावं. सरांनी 'निवासी विद्यार्थिनी वीस' या ओळीखाली सही ठोकली. समिती शहाद्याला मुक्कामाला गेली. सकाळी पुन्हा येणार होती.

वसतिगृह बघून झालं, आता काय भीती, म्हणून सरांनी संध्याकाळीच मंडपवाल्याचा टेम्पो बोलावला. सरलाबाईने स्वतः हात लावून वीसही खाटा चढवल्या. दुसऱ्याची वस्तू तिला नको होती. टेम्पो गेल्यावर ती पायरीवर बसली.

सर आले. "पोरी निघाल्या ना? कुलूप लावा."

बावीस वर्षांत साहेब समोर आला आणि ती उठली नाही, असं झालं नव्हतं. आज ती बसून राहिली.

"सर, त्या बाईसायेबले तुम्हीच सांगं, अठे वीस पोरी ऱ्हातस. सहीबी करी. सकाळे त्या परत येतीन. पोरी कथी गयात इचारं, ते मी काय सांगू?"

सरांची शुद्ध भाषा गळून पडली. "नोकरी जाई तुन्ही! किल्ली दे अठे!"

तिने कमरेची किल्ली सोडली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ल्या. पन कडी मधून लायेल शे."

सरांनी दार ढकलून पाहिलं. ते हललं नाही. आत भुईवर गोधड्या अंथरल्या जात होत्या, बादलीत नळ वाजत होता, आणि रंजिता कुणाला तरी ओरडून सांगत होती, "साबण जपून वापरा गं, कोरा आहे. महिनाभर पुरवायचाय."