मेडनहेडमधलं बार्सिलोना

“ठरायचंय अजून.”

हे डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर. चहा घेणार का, ख्रिसमसला कुठे जाणार, गुडघ्याचं ऑपरेशन कधी, काहीही विचारा. डोक्यावरची लोकरी टोपी मागे सरकवायची, आभाळाकडे बघायचं आणि म्हणायचं, “ठरायचंय अजून.” चहा मात्र ते घ्यायचे.

इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहायला आलो त्या वर्षी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मला ते पहिल्यांदा दिसले. फेन्सपलीकडच्या गार्डनमध्ये सत्तरीचे एक गृहस्थ भर पावसात, चिखलात गुडघे टेकून बसले होते. हातात खुरपं. काही हरवलंय का, असं मी इंग्रजीत विचारलं. माझ्याकडे न बघता त्यांनी मराठीत उत्तर दिलं, “बुरूज खचतोय.”

आम्ही मराठी हे यांना कसं कळलं? “अहो, कालपासून तुमच्याकडून चकलीचा वास येतोय,” ते म्हणाले. मग सौ.नं फेन्सवरून चकल्यांची बशी दिली आणि ओळख झाली.

डॉक्टरांनी आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांमध्ये पेशंटना भूल दिली होती. मूलबाळ नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात एकटा माणूस आणि बाहेर दिवाळीचा किल्ला. नातवंडं असलेल्या घरांतही हल्ली कोणी एवढा खटाटोप करत नाही. मला तर आधी वाटलं, म्हातारा जरा सरकलेला आहे.

इथे येऊनही किल्ला करायची हौस मूळ त्यांच्या बायकोची. पण मेडनहेडमध्ये मातीचे मावळे कुठून मिळणार? शेवटी एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, शिशाच्या शिपायांचं खोकं मिळालं. तिकोनी टोप्या, लांब डगले. हे स्पेनच्या गादीसाठी झालेल्या लढाईतले शिपाई, असं विकणाऱ्यानं सांगितलं. डॉक्टरांनी लायब्ररीतून त्या लढाईवरची पुस्तकं आणली, आणि तेव्हापासून त्यांचा किल्ला रायगड राहिला नाही, बार्सिलोना झाला.

ती लढाई तुम्ही त्यांच्या शेजारी राहिला असतात तर तुम्हालाही ऐकावी लागली असती, म्हणून थोडक्यात सांगतो. स्पेनचा राजा निपुत्रिक वारला. गादीवर दोघांनी हक्क सांगितला, एक फ्रान्सच्या राजाचा नातू आणि एक ऑस्ट्रियाचा राजपुत्र. अर्धा युरोप इकडे, अर्धा तिकडे. “आपल्याकडे त्याच सुमारास सातारा आणि कोल्हापूर चाललं होतं ना, तसंच,” डॉक्टर म्हणायचे. इंग्रज ऑस्ट्रियावाल्याच्या बाजूचे. त्यांच्या भरवशावर बार्सिलोनाही त्याच बाजूला गेलं. पुढे त्या राजपुत्राचा भाऊ वारला आणि त्याला घरचीच मोठी गादी मिळाली. इंग्रजांनी तह केला, जहाजं घेऊन परत गेले. शहर मात्र फ्रेंचांच्या वेढ्यात एकटंच लढत राहिलं.

इथवर आले की डॉक्टर थांबायचे. “भांडणाचं कारण संपलं होतं हो,” ते म्हणायचे. “पण वेढा काही उठला नाही.”

किल्ला मात्र देखणा असे. सुपरमार्केटमध्ये क्रेसचे छोटे डबे मिळतात. क्रेस म्हणजे आपलं आळीवच. ते डबे आणून, उगवलेलं आळीव डॉक्टर उतारांवर लावत. निळ्या प्लॅस्टिकचा समुद्र, त्यावर इंग्रजांची दोन जहाजं. सगळ्यात वर, जिथे आपल्याकडे महाराज बसतात तिथे, काडेपेटीला मखमल चिकटवून केलेली गादी. ती रिकामी.

लक्ष्मीपूजनाला ओळखीच्या मराठी घरांतली मुलं किल्ला बघायला येत. “काका, किंग कुठे आहे?” एकानं विचारलं.

“ठरायचंय अजून.”

“बट समबडी हॅज टू सिट.”

“तेच तर भांडण आहे रे बाळा,” डॉक्टर म्हणाले आणि त्याच्या हातावर करंजी ठेवली.

आमच्या भागात कोल्हे फार. एखाद्या सकाळी फेन्सवरून गंभीर आवाज येई, “काल रात्री फ्रेंच आले होते. ईशान्येचा बुरूज पाडला.” मी ऑफिसला, रीडिंगची ट्रेन पकडायला निघालेलो असे. तरी दोन मिनिटं थांबून नुकसान बघावं लागे. न थांबलेलं त्यांना आवडत नसे.

वसुबारसेला ते जहाजं मांडत ती शहराकडे तोंड करून. म्हणजे मदत येतेय. भाऊबीजेच्या संध्याकाळी एकटेच बाहेर येत, जहाजांची तोंडं फिरवत आणि मग ती खोक्यात घालून टाकत. त्या वेळी आम्ही खिडकीतून बाजूला व्हायचो. बघवत नसे.

अशाच एका भाऊबीजेला सौ.नं त्यांना जेवायला बोलावलं आणि तिच्या सरळ स्वभावानुसार विचारलं, “डॉक्टर, तुम्हाला बहीण नाही का?”

“आहे ना. धाकटी. मँचेस्टरला असते.”

मग त्यांनी वरणभात कालवता कालवता सगळं सांगितलं. वडील शेवटची वर्षं धाकटीकडे राहिले. येताना गावाकडचे देव, चांदीचे टाक, बरोबर घेऊन आले होते. वडील गेल्यावर डॉक्टर म्हणाले, देव मुलाकडे यायचे. त्यांच्या बायकोनंही तेच धरून ठेवलं. धाकटी म्हणाली, बाबांनी ते माझ्या हातात दिलेत. फोनवर शब्दाला शब्द वाढला, आणि नंतर तो फोन वाजलाच नाही.

“आता ही गेली,” डॉक्टर म्हणाले. “माझ्यामागे पूजा करायला कोण आहे? देव तिच्याकडेच बरे.”

“मग फोन करा की तिला,” सौ. म्हणाली.

“आधी कुणी करायचा,” डॉक्टर हसून म्हणाले, “ते ठरायचंय.”

आम्ही हसलो नाही. मला तर त्यांचा रागच आला. एवढा वाचलेला माणूस, तीनशे वर्षांपूर्वीचा वेढा कुठे चुकला ते बोटावर सांगतो, आणि तीन-चार तासांवरच्या बहिणीला फोन करत नाही. पण ताटावरून उठल्यावर त्यांनी हात धुवायला जो वेळ लावला, तो बघून माझा राग गेला.

त्यांच्या शेवटच्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी बुरूज पुन्हा पडलेला दिसला. फेन्सवरून बातमी मात्र आली नाही. पडदेही बंद. आमच्याकडे त्यांची जादा किल्ली असे. मी आत गेलो. डॉक्टर झोपेतच गेले होते.

अँब्युलन्सची माणसं येऊन गेली. नातेवाइकांना कळवायचं, म्हणून मी त्यांच्या फोनपाशी गेलो. एका बटणात एक नंबर साठवायची सोय असलेला तो जुना फोन. पहिल्या बटणाशेजारी त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘धाकटी’. ते बटण मी दाबलं.

एकच रिंग झाली. पलीकडच्या फोनवर नंबर दिसला असणार.

“दादा?”

तिकडून पुन्हा आवाज आला, “दादा, बोल ना.” मग मला बोलावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. भाऊबीज होती. ठेंगण्या, साठी उलटलेल्या बाई, डोक्यावर भावासारखीच लोकरी टोपी. घरात थोडा वेळ बसल्या, चहाला नको म्हणाल्या. “दरवर्षी ठरवायचे, देव घेऊन यायचं,” एवढंच म्हणाल्या. मग मागच्या दारानं गार्डनमध्ये गेल्या. मी मागोमाग गेलो.

पाऊस नुकताच थांबला होता. क्रेस कोलमडलं होतं, शिपाई आडवे झाले होते. समुद्रात पाणी साचलं होतं आणि दोन्ही जहाजं होती तिथेच उभी होती. त्यांची तोंडं फिरवायला या वर्षी कोणी नव्हतं.

“ही जहाजं येतायत की चाललीयत?” त्यांनी विचारलं.

“येतायत,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग हातमोजे काढून कोटाच्या खिशात ठेवले आणि ओल्या गवतात बसल्या.

“लहानपणीही दादाचा हाच बुरूज पडायचा,” त्या म्हणाल्या आणि माती लिंपायला लागल्या.