तीन नंबरातले उपासक

अण्णा येणार म्हणून मी केलेली यादी सत्तेचाळीस कलमांची होती. विमानतळावर व्हीलचेअर, न्हाणीघरात धरायला दांडी, डोळ्यांच्या थेंबांसाठी फ्रिजमध्ये वेगळा डबा. बत्तिसावं कलम होतं लेण्यांचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. औरंगाबादच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांवर ते पहारेकरी होते. आई गेल्यापासून एकटेच राहत होते, आणि दोन वर्षांत नजर इतकी गेली की उजेड, अंधार आणि समोर कुणीतरी उभं आहे एवढंच कळायचं. मला त्यांना दुबईला कायमचं आणायचं होतं. ते म्हणाले, "पंधरा दिवस येतो. परतीचं तिकीट काढशील तरच." मी काढलं, आणि मनात ठरवलं, पंधरा दिवसांत त्यांना इथे रमवायचं.

तिथल्या तीन नंबरच्या लेणीत बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले दगडी उपासक आहेत, जवळपास माणसाएवढे. अण्णांची उमेदीची वर्षं त्यांच्या सोबतीत गेली. डोंगराच्या पायथ्याशी एक कारागीर मऊ दगडात त्यांच्या छोट्या प्रतिकृती करतो. मी आठ मागवल्या, वीतभर उंचीच्या.

जबल अली बंदरातल्या आमच्या ऑफिसात मी मालाच्या नुकसानीचे दावे बघते. खोकं उघडलं की आधी फोटो, मग मोजणी, मग तुटफूट. घरीही तेच केलं. आठपैकी एका बाईचे जोडलेले हात मनगटापासून गायब. फोटोवर लाल गोल काढला आणि कारागिराला पाठवला: 'एक नग डॅमेज. पॅकिंग निष्काळजी.' त्याचं उत्तर आलं नाही. अण्णा शुक्रवारी येणार होते, म्हणून बुधवारी ऑफिसातून थेट शारजाला, रोल्ला बाजारात गेले. तिथे रत्नागिरीकडचे एक चाचा संगमरवरी पाट्या आणि ट्रॉफ्या करतात.

"चाचा, हिला हात बसवून द्या. उद्यापर्यंत."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मनगटावरून अंगठा फिरवला. "ताई, ही तुटलेली नाय."

"अहो, हात दिसतायत का तुम्हाला?"

"हात नाय, बरोबर. पण दगड ताजा तुटला की आतून पांढरा दिसतो, कडा बोटाला लागते. ही बघा, बाकी अंगासारखीच काळपट. हे छिन्नीने केलंय, सावकाश. जशी तिकडे असेल तशी केली असेल त्याने."

मी लहानपणी शंभरदा त्या लेणीत गेलेली बाई. मला ते आठवलं नव्हतं. तरी घाईत म्हटलं, "असू दे, बसवा. पूर्ण दिसेल."

"बसवतो की, अर्ध्या तासाचं काम. पण कोणासाठी घेतली?"

"वडिलांसाठी. त्यांना दिसत नाही."

चाचांनी मूर्ती कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "मग खलास. त्यांना आधी हात लावू दे. नंतर बोलतील तर आणा." पैसेही घेतले नाहीत.

शुक्रवारी अण्णा आले. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात पहिले तीन दिवस ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. काचेच्या टेबलावर गुडघा आपटला, न्हाणीघर समजून कपाट उघडलं. मी दारांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या होत्या, ज्या त्यांना वाचता येणार नव्हत्या. हेही मला लावून झाल्यावर लक्षात आलं.

"काय घर आहे माय," ते म्हणाले. "सगळं गुळगुळीत. हाताला काही लागतच नाही. आता बाराच दिवस राहिले ना?"

त्या संध्याकाळी मी त्यांना बैठकीतल्या फळीपाशी नेलं. उपासक मी उंचीप्रमाणे ओळीत लावले होते. अण्णांनी पहिल्यावर हात ठेवला. मग दुसरा, तिसरा. हात नसलेल्या बाईपाशी थांबले.

"ही इथं कुठं आली? ही डावीकडं, मागं बसते." मग मला, "आणि ही काय शाळेची प्रार्थना आहे का, उंचीनं उभे केलेस ते?"

माझी मुलगी फिस्कन हसली. "आजोबा, हाऊ डू यू नो इट्स हर?"

"तिला हात नाहीत ना बाळा. आत अंधार. रोज दार लावताना तिच्या मनगटाला हात लागला की कळायचं, इथून वळायचं. तिथून उंबऱ्यापर्यंत नऊ पावलं."

"यू वॉक्ड इन द डार्क?"

"बॅटरी पाहुण्यांसाठी. मला कशाला?"

त्यांनी आठही जण हलवले. चार इकडे, चार तिकडे, मध्ये मोकळी जागा. ती बाई फळीच्या डाव्या कडेला, हाताशी. मग तिच्या मनगटावर बोट ठेवून ते वळले आणि मोजत निघाले. मुलगी मागोमाग. स्वयंपाकघर सात पावलं. न्हाणीघर पाच, मग उजवीकडे. काचेचं टेबल वाटेत आलं, ते मी त्याच वेळी उचलून गॅलरीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ओट्यावर दोन कप चहा गाळून तयार होता, थोडा सांडलेला.

मी कारागिराला माफीचा मेसेज पाठवला. त्याने लगेच उत्तर दिलं, 'चालतंय ताई, मूळची तशीच हाये.' चाचांना पुरणपोळ्यांचा डबा देऊन आले. हात बसला असता तर काय झालं असतं, हेही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अल्लाने वाचवलं. यल्ला, चला, चहा घ्या."

तेराव्या दिवशी गावाहून अण्णांच्या जुन्या जोडीदाराचा फोन आला. तोही लेण्यांवरच होता. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी भाजी निवडत होते.

"परवा येतोस ना रे?"

"नाही बाबा, इतक्यात नाही," अण्णा म्हणाले. "इथं ड्युटी लागलीय. नात शाळेतून तीनला येते, दार कोण उघडणार?"