पानाचा काढा आणि अडलेली नळी

काशिनाथनाना काढ्याचा पेला आधी स्वतःच्या तोंडाला लावत. चेहरा जराही वाकडा न करता कडू घोट गिळत, "काय नाय, चहावानी लागतं," म्हणत आणि मग पेला बायकोपुढे, म्हणजे काकूंपुढे धरत. मी सायखेड्याला त्यांच्याकडे पानांचं सॅम्पल घ्यायला गेलो होतो. ओट्यावर बसून हे बघत होतो. काकूंचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. फार्मसी शिकून मी नाशिकच्या एका वनस्पतींचा अर्क काढणाऱ्या कंपनीत क्वालिटी तपासायला लागलो होतो. नाना आमच्यासाठी आर्टिचोक लावायचे. त्याच्या कमळासारख्या कळ्या मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत भाजीला जातात. औषध मात्र पानात. पान अतिशय कडू. त्याने पित्त सुटतं, म्हणून जेवणानंतर पोट जड होणं, फुगणं, मळमळणं याला आराम पडतो. कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. झाड गुणी आहे, पण 'लिव्हरला चांगलं' एवढंच नानांच्या कानावर पडलं होतं. कावीळ लिव्हरची, पान लिव्हरचं. झालं.

काकू सारखे दंड खाजवत होत्या. मी शौचाचा रंग विचारला तेव्हा त्या लाजून भिंतीकडे वळल्या. उत्तर नानांनी दिलं, "पांढरी. शाडूवानी." उजव्या बरगडीखाली कळही येत होती.

यकृतात पित्त तयार होतं आणि एक बारीक नळी ते आतड्यात नेते. नळीत खडा अडकला की पित्त मागे फिरून रक्तात उतरतं. डोळे पिवळे, अंगाला खाज, शौचाचा रंग पांढरा. अशा वेळी पित्त वाढवणारं पान देणं घातकच. मी डॉक्टर नव्हतो, पण भीती वाटायला तेवढं शिक्षण पुरे होतं.

"नाना, व्हॉल्व्ह बंद आणि मोटर चालू ठेवली तर?"

"पाइप फुटंल." त्यांनी पेला खाली ठेवला.

आता दवाखाना गाठायचा. पण गाडं अडलं ते माळेवर. काकूंच्या डोक्यावर काविळीची माळ होती, मुळीच्या तुकड्यांची. ती आपोआप लांबत गळ्यात उतरते आणि माळ उतरली की कावीळ उतरली, असं मानतात. तोवर डॉक्टर नाही, सुई नाही. खरं तर तुकडे वाळून आकसतात, दोरा सैल होतो आणि माळ वाढते. निरोग्याच्या डोक्यावरही वाढेल. कॉलेजात असताना मी चौकाचौकांत पत्रकं वाटून हेच सांगायचो. सगळं भाषण जिभेवर आलं होतं.

काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, माझा काय लय इस्वास नाय. पण सुरगाण्याकडून जीपला लटकून आणलीय यांनी. काढली तर यांचा जीव ऱ्हायचा नाय."

भाषण मी गिळलं. तेही कडूच होतं.

"काढू नका. माळेसकट चला."

नाना उठून काकूंच्या चपला शोधू लागले.

सोनोग्राफीत नळीतला खडा दिसला. डॉक्टर माळेकडे बघून काही बोलणार, तेवढ्यात मी मान हलवली. ते फक्त सिस्टरला म्हणाले, "माळ सांभाळून." मग तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला. काकूंची खाज थांबली, हळूहळू डोळ्यांचा पिवळेपणा गेला. नाना म्हणतात, माळ आणि दुर्बीण दोघींनी मिळून केलं. मी अजून वाद घालतो. काकू दोघांनाही जेवायला वाढतात.

पुढे ऑफिसात याच पानांच्या अर्कापासून केलेल्या आमच्या सिरपच्या माहितीपत्रकाचा मजकूर माझ्याकडे आला. पहिलीच ओळ होती, 'काविळीवर रामबाण'. मी ती खोडली. खाली लिहिलं, 'डोळे पिवळे असतील किंवा पित्ताचे खडे असतील, तर घेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा.'

मॅनेजर म्हणाले, "घेऊ नका लिहिल्यावर घेणार कोण?"

"ज्याचं जेवल्यावर पोट फुगतं, तो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मग पत्रकावर तुम्ही सही करा, सर. मी करणार नाही."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण अक्षर बारीक ठेवा."

अक्षर मी मोठंच ठेवलं. विक्री काही बुडाली नाही. झाडाचे गुण कोणीही सांगतं. ते कोणत्या रोग्याने घेऊ नये, हे सांगायलाच मला पगार मिळतो.