सुरमईची मान

राघूमामांचा मला आधी रागच यायचा. निमगाव सावाचा धनगर माणूस, सगळी मेंढरं विकून आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर काचेच्या बाटल्या धूत उभा! पण मी अकरावीतली पोर, मला कोण विचारतंय?

ते सत्त्याण्णव साल. जूनमध्ये मामा कायम होणार की घरी बसणार, हे ठरायचं होतं. प्राचार्यांनी अट घातली, "मेंढीचा आणि समुद्रातल्या माशाचा सांगाडा उभा करून दाखवा, मग शिफारस करतो."

मेंढीचा दोन दिवसांत झाला. एक हाड इकडचं तिकडं नाही. मासा मात्र मामांनी उभ्या जन्मात हाताळला नव्हता. आळेफाट्याहून बर्फातली सुरमई आणली, उकळली, साफ केली आणि आठवडाभर ते तारा पिळत बसले.

प्राचार्य बघायला आले आणि हसतच सुटले. मामांनी सुरमईला चक्क मान दिली होती! डोक्यामागचे मणके मोकळे सोडून, चार बोटं मागं खांद्याची हाडं आणि पर बांधले होते.

"अहो, माशाला कुठं मान असते?"

मामांचा चेहरा पार उतरला. "मेंढराला असती सायेब. म्हनून मी म्होरले पाय मागं घेतले."

"पाय?" आमच्या जीवशास्त्राच्या रोहिणी मॅडम ताडकन उठल्या. "पर म्हणजे पुढचे पाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगंल बाई? हात फिरवला की कळतं. कणा त्योच, बरगड्या त्याच, खांद्याची जागा तीच. लई लांबची असंल, पन भावकीच हाय ही."

हेच मॅडम आम्हाला आठ दिवस फळ्यावर शिकवत होत्या आणि आम्ही ढिम्म. मला खरंच लाज वाटली.

"सर, मान चुकली, ती दुरुस्त होईल," मॅडम म्हणाल्या. "पण नातं यांनी पुस्तक न उघडता ओळखलंय. असा माणूस मला इथं हवा."

प्राचार्यांचं हसू थांबलं. मामांनी त्याच दुपारी तारा सोडून खांदे कवटीला जोडले. जूनमध्ये कायमचा कागद आला तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाला पेढे वाटले आणि एक मेंढीच्या सांगाड्यापुढं ठेवला.

दोन हजार आठला मामा निवृत्त झाले. आता तिथं मी शिकवते. सुरमईच्या कण्यावर, डोक्याच्या चार बोटं मागं, तारेचे जुने ओरखडे आहेत. मुलं विचारतात, हे कशाचे? मी म्हणते, "हात फिरवून बघा, मग सांगते."