मागाच्या खड्ड्यातला पाय

माझं काम डास फाडायचं. हसू नका, पोट त्यावरच चालतं. नाल्याकाठच्या घरांतून पकडून आणलेला डास काचपट्टीवर मिठाच्या पाण्यात ठेवायचा, सुईने छाती उकलायची आणि भिंगातून बघायचं. हत्तीरोगाचा जंत असला तर तो दोऱ्याच्या तुसासारखा वळवळत बाहेर येतो. हे जंत डासाच्या छातीतच वाढतात. फार झाले तर डासालाही उडवत नाही. डासाची कीव करावी असं काही नाही, पण मला येते.

कारण बाबांचा डावा पाय याच जंताने खांबासारखा करून ठेवलाय. बाबा विणकर. आमच्या गल्लीत आता आमचाच हातमाग उरलाय, तोही खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पट्ट्या दाबतो. खड्डा बारमाही ओला. डास तिथेच चावले असणार.

मला बघायला उमरेडहून माणसं येणार होती, तेव्हा बाबांनी जाहीर केलं, "मी मागावरच बसतो. पाय दिसला तं कोन करीन हिले?"

"बाबा, हा रोग बापाकडून पोरीले होत नाई. डासानं होते."

"तुले माहीत हाये. त्याइले माहीत हाये काय?"

झाकली मूठ सव्वा लाखाची! पाहुणे आले, बाबांनी बसल्या जागेवरून हात जोडले. मुलगा बरा होता. माझ्या कामाची त्याला किळस आली नाही, उलट चार प्रश्न विचारले. मला तो आवडला, सांगूनच टाकते. चहा-पोहे झाले, माणसं निघाली. त्यांना सोडायला बाबा दारापर्यंतही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थ मामांचा फोन आला. "पोरगी पसंत होती. पण बाप जागचा हालला बी नाई म्हनते. एवढा माज काहून?"

खरं काय ते कळवा, मी म्हटलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. माजोरडा म्हणू देत, पण पायाचं नाव नको. मला संताप आला आणि तो काढावा कुणावर, तेच कळेना.

आता दारात कुरिअरवाला आला तरी बाबा उठतात. भिंतीला धरून, पाय ओढत दारापर्यंत जातात. परवा संध्याकाळी मी कामावरून आले, कडी वाजवली, तर आत त्यांची खड्ड्यातून वर यायची धडपड ऐकू आली.

"बसा नं बाबा, मीच हाव!" मी बाहेरून ओरडले.

धडपड थांबली नाही.