गालावरची तीट

मी कंधारला वाढले आणि माझी जुळी बहीण लातूरला, मावशीकडे. मावशीला मूलबाळ नव्हतं, म्हणून आईनं आम्हा दोन महिन्यांच्या पोरींपैकी एक तिच्या ओटीत घातली. तेव्हापासून आई आणि मावशी या दोघी सख्ख्या बहिणींचा एकच वाद, पोर घडते ती कशानं? आई म्हणणार रक्त, मावशी म्हणणार वळण.

दिवाळीत आम्हाला शेजारी बसवून पोहे द्यायचे आणि घरभर माणसं बघत उभी! दोघीही शेंगदाणे कडेला काढून शेवटी खायचो. "बघा, रक्त," आई म्हणे. "मीच शिकवलं तिला तसं," मावशी म्हणे. बारावीला मी रसायनशास्त्रात नापास झाले. लातूरचे एवढे क्लास लावून तीही त्यातच नापास झाली. आईनं गल्लीत पेढे वाटले. मी कोपऱ्यात रडायले होते आणि ही बया पेढे वाटायली होती!

पण मला खरी सल वेगळीच होती. घरात सांगायचे, की जी ठेवायची तिच्या गालावर आईनं काजळाची तीट लावली होती. तेल लावणाऱ्या बाईनं ती पुसली, आणि मावशीनं हाताला आली ती उचलली. म्हणजे मी ठेवलेली, का चुकून राहिलेली? भांडण झालं की बहीण फोनवर म्हणायची, "माझ्या जागेवर बसलीस तू." माझं डोकंच फिरायचं.

यंदा लातूरला बहिणीच्या लेकीचं बारसं होतं. आई बाळाला तीट लावत होती, मावशी पाळण्याशी उभी होती. मला राहवलं नाही.

"माय, आज खरं सांग. ठेवायची कोण होती?"

आईचं बोट थांबलं.

"त्या बाईनं न्हाई पुसली. मीच पुसली. तीट होती तवर एक हवीशी अन् एक नकोशी दिसायली होती. माझ्यानं बघवंना. डोळे मिटले अन् तुझ्या मावशीला म्हणलं, घे कोणती बी."

बहीण आणि मी एकदमच रडायला लागलो. दोघींनीही पदर डाव्या हातानं डोळ्याला लावला.

मावशीनं ते पाहिलं. मग आईजवळ बसत हळूच म्हणाली, "रक्तच हाय गं, आक्का."